गव्हाची पोती, शिकागोची कोठारं आणि एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन भांडवलशाही

मुळामुठा

अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या धंद्याबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक व्हँडरबिल्ट, रॉकफेलर, कार्नेगी, मॉर्गन या चार नावांभोवती फिरतं. कोणी किती कमावलं, कोणी कोणाला लोळवलं. त्या हकिकती रंगतदार आहेत, मी आवडीने वाचल्या आहेत. पण त्या शतकात खरोखर नवं काय घडलं हे कळायला शिकागो नदीच्या काठावरच्या धान्यकोठारांपाशी जावं लागतं, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून हा धागा. जरा लांबणार आहे.

१८४० च्या आसपास इलिनॉयमधला शेतकरी गहू मळायचा, पोत्यात भरायचा आणि चिखलातून गाडी हाकत नदीकाठी आणायचा. तिथून आगबोटीने सेंट लुई, पुढे मिसिसिपीवरून न्यू ऑर्लिन्स, तिथून जहाजाने न्यूयॉर्क किंवा युरोप. धक्क्याधक्क्यावर हमाल पोती पाठीवरून चढवायचे आणि उतरवायचे. गिऱ्हाईक पोतं उघडून गहू हातात घ्यायचं, मग भाव बोलायचं. विक्री झाली की अडत्या आपली अडत, हमाली, भाडं कापून उरलेले पैसे मागे धाडायचा. वाटेत बोट बुडाली किंवा माल भिजला तर नुकसान ज्याने पोतं धाडलं त्याचं. विकला जाईपर्यंत तो अमक्याचाच गहू असायचा.

१८४८ या एका वर्षात शिकागोत चार गोष्टी घडल्या. तारायंत्र पोचलं. इलिनॉय-मिशिगन कालवा सुरू झाला, ९६ मैलांचा. त्याने मिशिगन सरोवर इलिनॉय नदीमार्गे मिसिसिपीला जोडलं. गलेना अँड शिकागो युनियन रेल्वेची पहिली गाडी धावली. आणि ८२ व्यापाऱ्यांनी मिळून शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड स्थापन केलं. त्या रेल्वेत पैसे घालायला पूर्वेकडचे धनिक तयार नव्हते, तेव्हा तिचा अध्यक्ष विल्यम ऑग्डेनने मार्गावरच्या शेतकऱ्यांना आणि गावकऱ्यांना शेअर विकून भांडवल उभं केलं. देशभरात १८५० मध्ये सुमारे ९ हजार मैल रेल्वे होती, १८६० मध्ये ३० हजारांवर गेली, आणि तिच्यातले कितीतरी फाटे शिकागोत येऊन मिळाले.

आता रेल्वेच्या मालकाच्या बाजूने बघा. डबा, इंजिन, रूळ सगळं कर्जाच्या पैशातून उभं. डबा चालला तर कमाई, थांबला तर व्याज. हमालांनी एकेक पोतं उतरवेपर्यंत डबे अडकून पडणं त्याला परवडणारं नव्हतं. यावरचा तोडगा बफेलोतून आला. ईरी कालव्याच्या पश्चिम टोकाच्या या बंदरात १८४२ मध्ये जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबर या अभियंत्याला हाताशी धरून वाफेवर चालणारा एलिव्हेटर उभारला. तोवर तिथे आयरिश मजूर जहाजातला गहू पाठीवरून वाहून आणत. जहाजाच्या पोटात सोडलेला एक फिरता पट्टा, त्याला डब्यांची माळ. डबे खाली गहू भरून घेतात आणि वर जाऊन ओततात. ज्या कामाला दिवस लागत ते तासांवर आलं.

शिकागोवाल्यांनी हेच प्रचंड मोठं केलं. गाडीचे डबे थेट कोठाराला भिडायचे. माणसं फावड्यांनी गहू खालच्या खड्ड्यात लोटायची. डब्यांची माळ तो उंच माथ्यावर न्यायची, तिथे तो मोठ्या तराजूच्या हौदात पडून तोलला जायचा, आणि मग फिरवता येणाऱ्या पन्हळीतून हव्या त्या कप्प्यात सोडला जायचा. दुसऱ्या अंगाला जहाज उभं. कप्प्याची झडप उघडली की गहू आपल्या वजनानेच जहाजात. एकदा वर चढवला की पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. १८५० च्या दशकाअखेर सर्वात मोठी कोठारं प्रत्येकी सात लाख बुशेलची होती. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, सुमारे २७ किलो. म्हणजे एका इमारतीत जवळपास १ लाख ९० हजार क्विंटल.

या यंत्राची अट एकच होती. गहू पाण्यासारखा वाहायला हवा, आणि वाहणाऱ्या गव्हात माझा-तुझा करता येत नाही. प्रत्येकाला वेगळा कप्पा द्यायचा तर अर्धं कोठार रिकामं राहणार. म्हणून १८५६ मध्ये बोर्ड ऑफ ट्रेडने गव्हाची प्रतवारी ठरवली. पांढरा हिवाळी, लाल हिवाळी आणि वसंती असे तीन प्रकार. त्यांतला वसंती गहू फार घाणेरडा यायला लागला आणि न्यूयॉर्कात शिकागोच्या मालाचं नाव खराब झालं, तेव्हा स्वच्छता आणि वजन पाहून त्याचे एक नंबर, दोन नंबर असे पोटभाग केले. १८५९ मध्ये राज्याने बोर्डाला सनद देऊन या तपासणीला कायद्याचं बळ दिलं.

यानंतर शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला मिळायची ती कोठाराची पावती: 'दोन नंबर वसंती गहू, इतके बुशेल'. ती दाखवली की त्या प्रतीचा तेवढा गहू मिळेल, पण तोच दाणा मिळणार नाही. पावती हातोहात विकता यायची, तारण ठेवता यायची. गहू जागचा न हलता दिवसात पाच मालक बदलायचा. मग तारायंत्रावर न्यूयॉर्कचा भाव कळताच 'जूनमध्ये देईन' असे सौदे सुरू झाले, आणि १८६५ मध्ये बोर्डाने अशा वायद्यांचे नियम लिहून काढले: अनामत किती, माल कधी द्यायचा, नाही दिला तर काय. गहू न पाहता, कधीकधी तो पेरला जाण्याआधी, त्याचा भाव ठरू लागला.

मला हे त्या शतकातलं सर्वात दूरवर पोचलेलं काम वाटतं. तेल, लोखंड, मांस यांचे नंतरचे मोठे धंदे याच वाटेने गेले. तुम्हाला काय वाटतं?

लिंबूफोड

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे. पन्हळीचं वर्णन वाचून सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं.

मोंढेकरी

मुळामुठा साहेब, मनापासून धन्यवाद. आमचं लातूरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान आहे, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा.

आमच्याकडे अजूनही प्रत्येक शेतकऱ्याचा ढीग वेगळा. खरेदीदार ओंजळीत माल घेतो, दाण्याला दात लावून ओलावा बघतो, फुंकर मारून मातेरं किती ते बघतो, मग बोली. सोयाबीनचे दोन ढीग शेजारी शेजारी, एकाच गावचे, आणि क्विंटलमागे दोनशे रुपयांचा फरक, हे रोजचं आहे. ज्याने चाळणी मारून स्वच्छ माल आणला त्याला त्याचा मोबदला तिथल्या तिथे मिळतो.

म्हणून माझा प्रश्न. एकदा कोठारात मिसळलं की चांगल्या गव्हावाल्याचं काय? दोन नंबर प्रतीत काठावर पास होणारा गहू आणि एक नंबरला थोडक्यात हुकलेला गहू, दोघांना एकच भाव. मग कोण कशाला मेहनत घेईल? आणि दुसरं, कोठारात खरंच तेवढा माल आहे हे बघणारा कोण होता? आमच्या धंद्यात सगळी भानगड तिथेच होते.

मुळामुठा

मोंढेकरी, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की फायदा कोठारवाल्याने घेतला. तुम्ही म्हणता तो 'थोडक्यात हुकलेला' गहू तो दोन नंबरच्या भावाने घ्यायचा, त्यात एक नंबरचा भरपूर चांगला गहू मिसळायचा आणि सगळा ढीग एक नंबरच्या काठावर बसवून विकायचा. प्रतीच्या दोन रेषांमधली जी जागा होती ती त्याची मिळकत. शेतकऱ्यांना हे दिसत होतं. तपासनीस आपला माल एक पायरी खाली टाकतात आणि तोच माल कोठारातून एक पायरी वर चढून बाहेर पडतो, ही त्यांची कायमची तक्रार होती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मन अँड स्कॉट. आयरा मन आणि जॉर्ज स्कॉट हे शिकागोतले बडे कोठारवाले. मन तर १८६० मध्ये बोर्ड ऑफ ट्रेडचा अध्यक्ष होता. त्यांनी आत असलेल्या गव्हापेक्षा जास्त गव्हाच्या पावत्या बाजारात सोडल्या. १८७२ मध्ये कोठारांची मोजणी करायचं ठरलं तेव्हा कप्प्यांच्या तोंडाशी फळ्या ठोकून त्यावर गव्हाचा थर पसरवला, म्हणजे वरून पाहणाऱ्याला कप्पा भरलेला दिसावा. हे उघडकीला आलं, पेढी बुडाली आणि दोघांना बोर्डातून काढून टाकलं.

पण त्याआधीच इलिनॉयच्या शेतकऱ्यांनी आणि गंमत नव्हे, खुद्द बोर्डातल्या व्यापाऱ्यांनी कोठारवाल्यांविरुद्ध हातमिळवणी केली होती. १८७० ची नवी राज्यघटना तयार झाली तिच्यात कोठारांवर स्वतंत्र प्रकरण आलं. कोठारवाल्याने दर आठवड्याला कोणत्या प्रतीचा किती माल आहे ते जाहीर करावं, पावतीधारकाला माल आणि वह्या तपासता याव्यात, रेल्वेने डबा मालधनी सांगेल त्या कोठारात न्यावा. १८७१ च्या कायद्याने साठवणुकीचा जास्तीत जास्त दर बांधून दिला: पहिल्या ३० दिवसांना बुशेलमागे दोन सेंट, पुढच्या दर १५ दिवसांना अर्धा सेंट. मन अँड स्कॉटने तो मानला नाही, परवानाही घेतला नाही. शंभर डॉलर दंड झाला आणि खटला वर वर जात सर्वोच्च न्यायालयात पोचला.

१८७७ मध्ये निकाल लागला, मन विरुद्ध इलिनॉय. सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी लिहिलं की जी मालमत्ता सार्वजनिक हिताशी जोडली जाईल अशा तऱ्हेने मालक वापरतो, तिच्यावर समाजाला नियमन करता येतं. निकालात शिकागोची परिस्थितीही नोंदली आहे: १८७४ मध्ये या कामाची १४ कोठारं, ती नऊ पेढ्यांच्या हातात, आणि दर वर्षी जानेवारीत सगळ्यांनी आपसांत ठरवून जाहीर केलेले. पश्चिमेचा सगळा गहू ज्या दारातून जातो तिथे बसून जो वाटसरूकडून टोल घेतो, त्याला हा माझा खाजगी धंदा आहे असं म्हणता येणार नाही, हा त्यामागचा विचार. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी कडक विरोध नोंदवला: असं म्हटलं तर कोणताही धंदा सरकारच्या तावडीतून सुटणार नाही. सात विरुद्ध दोन.

तर्कटराव

लेख माहितीपूर्ण, पण निष्कर्षाकडे जाण्याची घाई दिसते. मी फील्ड यांच्या बाजूने दोन शब्द मांडतो.

शिकागो ते न्यूयॉर्क रेल्वेने एक बुशेल गहू न्यायला १८६० च्या दशकाअखेर चाळीस सेंटच्या वर भाडं पडत होतं. शतक संपताना ते दहा सेंटच्या आसपास आलं. कोणत्या सरकारी फर्मानाने? पोलादी रूळ, मोठी इंजिनं, मोठे डबे आणि कंपन्यांमधली जीवघेणी स्पर्धा, यांनी. लिव्हरपूल आणि लंडनच्या गिरणीकामगाराला स्वस्त पाव मिळाला तो यामुळे. ज्या व्हँडरबिल्टला लुटारू म्हणतात त्याने न्यूयॉर्क ते शिकागो एका व्यवस्थापनाखाली आणलं. आधी वाटेत किती कंपन्या आणि किती वेळा माल बदलावा लागे हे पाहा.

मोंढेकरी यांच्या मुद्द्यालाही उत्तर आहे. मिसळलेल्या गव्हाचा भाव चांगल्या मालधन्याला थोडा कमी मिळाला असेल, पण त्याला रोख पैसे त्याच दिवशी मिळाले, तेही गावातल्या स्टेशनवर. पूर्वी पोतं न्यू ऑर्लिन्सला पोचून अडत्याचं पत्र येईपर्यंत तो उधारीवर जगत होता. आणि प्रतवारी केली ती व्यापाऱ्यांनी, आपल्या गरजेपोटी. राज्य नंतर आलं.

चांदणवेल

तर्कटराव, भाड्याचे आकडे बरोबर आहेत, पण राज्य नंतर आलं हे मला अजिबात पटत नाही. राज्य पहिल्यापासून होतं. फक्त वेगवेगळ्या वेशात.

ईरी कालवा पाहा. ऑल्बनी ते बफेलो ३६३ मैल, १८१७ ते १८२५, सुमारे सत्तर लाख डॉलर. थॉमस जेफरसनने आधी या कल्पनेला आज हाती घेणं म्हणजे वेडेपणा ठरवलं होतं, केंद्राने मदत नाकारली, आणि गव्हर्नर डीविट क्लिंटनने न्यूयॉर्क राज्याच्या कर्जरोख्यांवर तो पुरा केला. सुरुवातीला ते रोखे घेतले कोणी? न्यूयॉर्कच्या बचत बँकेने, जिच्यात मोलकरणी आणि कारागीर आपले चार पैसे ठेवत होते. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायचा खर्च शंभर डॉलरवरून दहाच्या आसपास उतरला आणि टोलमधून कर्जही फिटलं. खाजगी भांडवल तेव्हा एवढं मोठं काम उचलायला तयारच नव्हतं.

हे यश बघून बाकीची राज्यं पिसाटल्यासारखी कर्जं काढून कालवे आणि रेल्वे काढायला लागली. इलिनॉयने १८३७ मध्ये एका झटक्यात एक कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला; तरुण आमदार अब्राहम लिंकन त्याच्या पुरस्कर्त्यांपैकी. त्याच वर्षी बाजार कोसळला. १८४२ पर्यंत आठ राज्यांनी आणि फ्लोरिडा प्रदेशाने कर्ज फेडणं थांबवलं होतं, इलिनॉय त्यातलंच. मुळामुठांनी ज्या इलिनॉय-मिशिगन कालव्याचा उल्लेख केला तो याच कारणाने अर्धवट पडला होता आणि ब्रिटिश सावकारांकडून नवे पैसे आल्यावर पुरा झाला. यानंतर बऱ्याच राज्यांनी घटनेत लिहूनच टाकलं की राज्याने अशा कामात पैसा घालायचा नाही. तिथून पुढे रेल्वे खाजगी कंपन्यांची झाली. अमेरिकेत रेल्वे खाजगी का, याचं उत्तर माझ्या मते स्वभावापेक्षा या दिवाळखोरीत जास्त आहे.

आणि खाजगी म्हणजे तरी काय? रोख पैशाऐवजी जमीन दिली. १८५० मध्ये इलिनॉय सेंट्रलसाठी जवळपास २६ लाख एकर. १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने मैलामागे १६, ३२ किंवा ४८ हजार डॉलरचे सरकारी रोखे, प्रदेश किती अवघड त्यावर, आणि शिवाय रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक जमिनीचे चौकोन. दोन वर्षांनी ते दुप्पट केले. केंद्राने रेल्वेला दिलेली एकूण जमीन सुमारे १३ कोटी एकर. आपला महाराष्ट्र साडेसात कोटी एकरांच्या आसपास आहे, यावरून अंदाज करा.

ती जमीन रिकामी नव्हती. १८३३ च्या शिकागो तहात पोटावाटोमी आणि त्यांच्या सोबतच्या जमातींकडून मिशिगन सरोवराच्या पश्चिमेची सुमारे ५० लाख एकर जमीन घेतली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे पाठवलं. पंधरा वर्षांनी तिथेच पहिली गाडी धावली. स्वस्त गव्हाचा हिशेब करताना ही रक्कम कोणीच मांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सह्यकडा

चांदणवेल ताई, जमिनीच्या मुद्द्याशी सहमत. एक तुलना इथे करण्यासारखी आहे, कारण काळ तोच आहे. आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला जमीन मिळाली पण विकायला नव्हे. तिथे भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. गाडी रिकामी धावली तरी लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळणार आणि तूट इथल्या महसुलातून भरली जाणार. इलिनॉय सेंट्रलला मात्र जमीन विकायची तर माणसं वसवावी लागली, त्यांना हप्त्यावर जमीन द्यावी लागली, आणि त्यांचं पीक वाढलं तर मालवाहतूक वाढणार होती. दोन्हीकडे पैसा सार्वजनिकच, पण कंपनीला कशाची काळजी घ्यावी लागली ते अगदी वेगळं.

दुसरा धागा कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने दक्षिणेचा कापूस अडकला आणि १८६१ ते ६५ मुंबईत पैशाचा पूर आला, हे सगळ्यांना माहीत आहे. सटोडिया प्रेमचंद रायचंद, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर, आणि जुलै १८६५ मध्ये बाजार कोसळून झालेला घात. पण प्रतवारीच्या या चर्चेत मला १८६३ चा मुंबई इलाख्याचा कॉटन फ्रॉड्स ॲक्ट आठवला. भाव चढताच गासड्यांत सरकी, माती, पाणी, जुना कापूस घालणं वाढलं, लिव्हरपूलहून तक्रारी आल्या आणि सरकारने तपासनीस नेमून भेसळ हा फौजदारी गुन्हा केला. शिकागोत व्यापाऱ्यांनी स्वतः रेषा आखली आणि रेषेखालच्या मालाला कमी भाव दिला. इथे शिक्षेची भीती घातली. घाणेरडा माल विकण्यापेक्षा स्वच्छ माल विकणं किफायतशीर कसं होईल, हा प्रश्न आपल्याकडे त्या वेळी नीट विचारला गेला नाही असं मला वाटतं.

नेपरव्हिलकर

शिकागोच्या उपनगरात राहतो म्हणून दोन ओळी. बोर्ड ऑफ ट्रेडची १९३० ची इमारत लासाल रस्त्याच्या टोकाशी आहे आणि तिच्या माथ्यावर धान्याची रोमन देवता सेरेस हिचा ॲल्युमिनियमचा पुतळा आहे. हातात गव्हाची पेंढी, आणि चेहरा कोरलेलाच नाही. जवळच्या लॉकपोर्ट गावात इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या काठाने जुनी खेचरांची वाट चालायला ठेवली आहे. इकडे आलात तर दोन्ही बघा.

मुळामुठा

चांदणवेल आणि सह्यकडा, तुमचे प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचे आहेत.

तर्कटराव, स्पर्धेने भाडं उतरलं हे खरं, पण ती कुठे होती ते बघायला हवं. शिकागो ते न्यूयॉर्क चार मोठे मार्ग होते: न्यूयॉर्क सेंट्रल, ईरी, पेन्सिल्व्हेनिया, बाल्टिमोर अँड ओहायो. शिवाय उन्हाळ्यात सरोवर आणि कालवा. तिथे एकमेकांचे गळे कापणं चालू. पण आयोवातल्या एखाद्या गावाला एकच रूळ. रेल्वेचा खर्च बहुतांश बांधलेला असतो. रूळ, पूल, रोख्यांवरचं व्याज. गाडी गेली न गेली तरी तो द्यायचाच. म्हणून जिथे स्पर्धा तिथे खर्चही न निघणाऱ्या भाड्याने माल ओढायचा आणि जिथे गिऱ्हाईक बांधलेलं तिथे भरून काढायचं. परिणाम असा की जवळच्या गावाचं भाडं लांबच्या शहरापेक्षा जास्त. शेतकऱ्यांच्या ग्रेंज चळवळीचा राग मुख्यतः यावर होता.

आणि मोठ्या गिऱ्हाइकाला गुपचूप सूट. १८७२ च्या साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीच्या योजनेत रॉकफेलरच्या गटाला स्वतःच्या तेलाच्या भाड्यात तर सूट मिळणार होतीच, प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातलाही वाटा मिळणार होता. बोभाटा झाल्यावर ती योजना मोडली, पण सूट थांबली नाही. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राज्याबाहेर जाणाऱ्या मालाचं भाडं राज्य बांधू शकत नाही. मग पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आंतरराज्य रेल्वेवर देखरेख करणारं इंटरस्टेट कॉमर्स कमिशन आणलं. स्पर्धा मात्र कंपन्यांनाच झेपली नाही. १८९३ च्या मंदीनंतर देशातल्या सुमारे पाव रेल्वे दिवाळखोरीत गेल्या आणि सावकार मॉर्गनने त्यांची फेरजुळणी केली.

तर्कटराव

बांधलेल्या खर्चाचा मुद्दा मान्य. पण मग दोष कोणा एका लुटारूचा नाही, धंद्याच्या घडणीचाच आहे. माझं म्हणणं एवढंच होतं.

वायद्यांबद्दलही एक सांगतो, कारण आपल्याकडे सट्टा म्हणून त्याला सरसकट शिव्या घातल्या जातात. १८९७ मध्ये जोसेफ लायटर या श्रीमंत बापाच्या मुलाने डिसेंबरचा गहू शिकागोत कोंडायचं, म्हणजे सगळा माल आपल्या हाती घेऊन भाव चढवायचं ठरवलं. जो मिळेल तो घेत सुटला. त्याला डिसेंबरात गहू द्यायचा सौदा केलेल्यांमध्ये मांसवाला फिलिप आर्मर होता. सरोवरं गोठायला लागली होती, आता उत्तरेकडून गहू येणार कुठून, असा लायटरचा हिशेब. आर्मरने जहाजं भाड्याने घेतली, बर्फ फोडायला टगबोटी लावल्या आणि लाखो बुशेल गहू डुलूथकडून शिकागोत आणून वेळेत हवाली केला. लायटर तरी थांबला नाही, आणि १८९८ च्या जूनमध्ये बापाचे लक्षावधी डॉलर घालवून बसला. त्याआधी १८८८ च्या सप्टेंबरात हचिन्सन या म्हाताऱ्या सटोडियाची कोंडी मात्र यशस्वी झाली होती. शेवटच्या दिवशी भाव दोन डॉलरला भिडला. बाजार कोंडणारे होते, पण बर्फ फोडून माल आणणारेही त्याच बाजाराने निर्माण केले.

मोंढेकरी

आर्मरची गोष्ट जबरदस्त. आम्ही वायद्यांबद्दल तळमळीने बोलतो त्याला कारण आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू अशा सात मालांचे वायदे थांबवले. तोवर आमच्याकडचा शिकलेला शेतकरी मोबाईलवर पुढचा भाव बघून माल ठेवायचा की काढायचा ते ठरवत होता. तो आधार गेला. कोंडी होऊ नये म्हणून अख्खा बाजारच बंद, हे मला पटलेलं नाही. इलिनॉयने कोठारांवर देखरेख बसवली, कोठारं पाडली नाहीत.

एक शेवटचं विचारतो. या सगळ्यात शेतकऱ्याच्या हाती काय राहिलं? स्वतःचं कोठार काढायला कोणी धजावलं का?

मुळामुठा

धजावले, आणि बरेच बुडाले. गावच्या स्टेशनवर रेल्वेच्या मर्जीतल्या साखळीवाल्यांची, म्हणजे गावोगावी कोठारं असलेल्या कंपन्यांची, कोठारं असायची. शेतकऱ्यांनी सहकारी कोठार काढलं की साखळीवाला त्या एका गावात भाव चढवायचा, तोटा इतर गावांतून भरून काढायचा. सभासद चार पैशांसाठी तिकडे वळायचे आणि सहकारी कोठार हंगामभरात रिकामं.

यातून वाट काढली ती आयोवातल्या रॉकवेल गावच्या शेतकऱ्यांनी, १८८९ मध्ये. त्यांनी नियमच केला: सभासदाने माल कोणालाही विकावा, पण बाहेर विकला तरी बुशेलमागे ठरलेली दलाली आपल्या संस्थेला भरावी. त्यामुळे साखळीवाल्याने भाव चढवला की शेतकऱ्याचा फायदा, आणि संस्थेचा खर्चही निघत राहिला. रॉकवेलची संस्था टिकली, आणि पुढच्या वर्षांत मध्य-पश्चिमेतल्या कितीतरी गावांनी हे कलम आपल्या पोटनियमांत जसंच्या तसं घातलं.

मोंढेकरी

हे कलम आमच्या तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेत मांडतो. आमच्याकडे सभासद नेमके याच कारणाने फुटतात. पोटनियमाचा मजकूर तुमच्याकडे असेल तर इथेच मराठीत टाका.

सह्यकडा

टाकाच. आमच्याकडच्या उसाच्या नोंदीच्या करारांशी ते ताडून बघायचं आहे.